कोटाबाहेरचा कोट: फोंड्याच्या वेढ्याच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली. माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीच्या) दोऱ्या अजून छताला लोंबताहेत आणि वाड्यावरची पोरं आजच दिवाळीच्या किल्ल्याचं विचारायला हजर. गेल्या वर्षी आम्ही केलेला किल्ला चांगला होता, पण कुठलाही असू शकला असता: पोत्यावर चिखल, वर अळीव, टोकाला सिंहासन, बुरुजांवर बेळगावहून आणलेले मातीचे मावळे.

या वर्षी मी एक अट घातली. किल्ला कमी, किल्ल्याच्या बाहेरचं काम जास्त. म्हणजे वेढा घालणाऱ्यांनी काय बांधलं ते दाखवायचं. पोरांची तोंडं पडली. "काका, वेढा म्हणजे नुसते तंबू ना?" हाच समज मोडायचा आहे. वेढा घालणारं सैन्य बसून राहत नाही, ते खणतं. तलवारबाजीला एखादा दिवस, कुदळ-फावड्याला महिने. शिवाय त्यांच्या डोक्यावर तट नसतो, म्हणून त्यांना स्वतःचा कोट स्वतःच उभारावा लागतो, तोही समोरून गोळ्या येत असताना.

विषय ठरायला पाच मिनिटं लागली, कारण तो दारातच आहे. गोव्यातला फोंडा, १६७५. एप्रिलात शिवाजी महाराजांनी आदिलशाहीच्या या कोटाला वेढा घातला. आत किल्लेदार महंमदखान. महाराजांच्या लोकांनी चार सुरुंग खणले, महंमदखानाने आतून खणत येऊन चारही निकामी केले, माणसं बरीच गेली. मग मराठ्यांनी तटापासून अवघ्या १२ फुटांवर मातीची भिंत उभी केली आणि तिच्या आडोशाला माणसं पडून राहिली. मे महिन्याच्या सुरुवातीला कोट पडला.

बारा फूट. आमच्या घराची ओसरी त्याहून लांब आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस प्रमाणात गेला. नकाशे काढून पोट भरणारा माणूस मी, त्यामुळे पोरांना हा भाग सोसावाच लागला.

पहिला बेत अख्खा कोट आणि भोवतीचा वेढा ५०० ला १ अशा प्रमाणात करायचा होता. हिशेब मांडला: माणूस साडेतीन मिलिमीटरचा. १२ फुटांचं अंतर ७ मिलिमीटरचं. मोहरीचे दाणे मावळे म्हणून ठेवले तरी चालेल, पण ज्यासाठी हे सगळं करतोय ती भिंतच दिसणार नाही. आणि आमचे मातीचे मावळे त्यात उभे केले तर ते ४० मीटर उंचीचे राक्षस! तशी दिवाळीत जाळायच्या नरकासुरांच्या पुतळ्यांची सोय गावात आधीच आहे.

मग उलटं केलं. मावळा मोजला: ८ सेंटिमीटर. त्याला १६० सेंटिमीटरचा माणूस धरला की प्रमाण आपोआप २० ला १ येतं. १२ फूट म्हणजे १८ सेंटिमीटर, एक वीत, जरा कमीच. तटाचा फक्त एक तुकडा करायचा, ३० सेंटिमीटर उंच. जुन्या दाराच्या दोन फळ्या माळ्यावर होत्या, त्या खाली काढल्या.

शेजारचे मास्तर (मराठी शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सगळा वाडा त्यांना मास्तरच म्हणतो) कागद बघून म्हणाले, "अलेशिया करायचा विचार नाही ना? त्या ठाण्याला वेढताना रोमन सेनापती सीझरने बांधलेली बाहेरची तटबंदी २१ किलोमीटर. तुमच्या प्रमाणात पण एक किलोमीटरच्या वर जाईल. नगरपालिकेची परवानगी काढावी लागेल."

२१ सप्टेंबर, रविवार

माती. परसातली तांबडी माती चाळून घेतली, त्यात थोडं शेण. तट चिऱ्याचा दिसावा म्हणून पोरांतल्या थोरलीने थर्माकोलवर चिऱ्याची पूड गोंदाने बसवली. ते काम सुरेख झालं आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

बाहेरच्या भिंतीने मात्र दमवलं. कोरडी माती उभी राहत नाही. ओतली की आपली घसरण स्वतः ठरवते. ओली केली तर उभी राहते, पण वाळली की भेगा. धाकट्याने तीन वेळा बांधली, तीन वेळा पाडली आणि तिसऱ्यांदा मुद्दाम पाडली असा माझा संशय आहे. शेवटी आमच्याकडे खाजनाचे (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचे) बांध घालतात ती रीत आठवली: चिखलाचे गोळे थरावर थर, मध्ये गवत, प्रत्येक थर पायाने दाबून. इथे अंगठ्याने दाबला. भिंत उभी राहिली.

एकाने विचारलं, दगडाची का नाही बांधली मग? दगड आणायला वेळ लागतो हे एक. दुसरं, तोफेचा गोळा चिऱ्यावर बसला तर चिरा फुटून कपच्या उडतात आणि आडोशाच्या माणसांनाच लागतात. मातीत गोळा रुतून बसतो. 'धुळकोट' म्हटलं की आपल्याला गरिबाचं काम वाटतं, पण तोफांच्या काळात मातीचीच किंमत वाढली.

२८ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद लांब होणार.

तटाच्या माथ्यावर एक टाचणी खोचली. तिला दोरा बांधला. टाचणी म्हणजे वरचा बंदूकवाला, दोरा म्हणजे त्याची गोळी. १८ सेंटिमीटरवर आमची मातीची भिंत, उंची १० सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या मापात २ मीटर. दोरा भिंतीच्या माथ्याला घासून ताणला आणि मागे जमिनीला कुठे टेकतो ते पाहिलं. भिंतीमागे ९ सेंटिमीटरवर टेकला. म्हणजे तेवढाच पट्टा सुरक्षित, आणि तोही जमिनीलगत. मावळा उभा केला तर भिंतीला अगदी पाठ लावून असेल तरच वाचतो. दोन सेंटिमीटर मागे सरकला की दोरा त्याच्या पागोट्याला लागतो.

आम्ही सगळे फळीवर ओणवे होऊन बघत होतो. थोरली म्हणाली, "म्हणजे ते पडून राहायचे असं लिहिलंय ते आळशीपणाने नाही." आणि मावळा आडवा ठेवला. दोरा त्याच्या बराच वरून गेला.

मग तिनेच भिंत मागे सरकवायला सांगितली. ६० सेंटिमीटरवर तीच भिंत ठेवली तर आडोसा ३० सेंटिमीटर मिळतो. जवळ जावं तसा आडोसा आटतो! हे मला तरी आधी सुचलं नव्हतं. तटाजवळ जायचं तर भिंत उंच हवी. १८ सेंटिमीटरवर तेवढ्याच पट्ट्यात माणसाला उभं राहता यावं म्हणून किती उंची लागेल ते काढलं: १५ सेंटिमीटर, खऱ्या मापात १० फूट. उंची दीडपट केली की माती मात्र सव्वादोनपट लागते, कारण पायाही पसरत जातो. आणि प्रत्येक पाटी बंदुकीच्या टप्प्यात वाहायची.

मग एवढ्या जवळ का गेले? याचं उत्तर पोरांनी दिलं, मी नाही. शिड्या घेऊन धावायचं अंतर कमी. चार ढांगा. शिवाय एवढ्या जवळच्या माणसावर नेम धरायचा तर वरच्याला तटाबाहेर वाकावं लागतं, आणि वाकला की तो आपल्या बंदुकीसमोर. एकाने लगेच पुस्ती जोडली, "पण वरून धोंडे टाकले तर?" टाकतच असणार. बंदुकीची दारू भरलेले हुक्के, म्हणजे पेटवून फेकायचे गोळेसुद्धा.

मास्तर संध्याकाळी आले. दोरा बघून बराच वेळ गप्प बसले, मग स्वतः टाचणी काढून तटाच्या जंगीत (बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकात) खोचली आणि सगळं पुन्हा मोजायला लावलं. वयाचा मान म्हणून पुन्हा मोजलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

आपट्याची पानं वाटून झाल्यावर दुसऱ्या फळीला हात घातला. हिच्यावर फोंडा नाही, मास्ट्रिख्ट आहे. नेदरलँड्समधल्या या शहराला फ्रेंचांनी १६७३ मध्ये वेढा घातला, म्हणजे आपल्या फोंड्याच्या दोनच वर्षं आधी. व्होबाँ नावाच्या इंजिनिअरने तिथे तटाला समांतर चर खणायची पद्धत वापरली. पहिला चर साधारण ६०० मीटरवर, तोफेचा नेमका मारा जिथे पोचत नाही तिथे. तिथून नागमोडी वाटेने पुढे, मग दुसरा समांतर चर, मग तिसरा तटाच्या पायथ्याशी. नागमोडी का, तर सरळ चर खणला की तटावरचा माणूस त्यात थेट, लांबच्या लांब गोळी घालू शकतो. खणायला लागल्यापासून तेरा दिवसांत शहर शरण आलं.

आम्ही फक्त चराचं तोंड दाखवतोय. सगळ्यात पुढचा माणूस गुडघ्यावर, दीड फूट रुंद, दीड फूट खोल खणतो. मागचा तेच सहा इंच रुंद, सहा इंच खोल करतो, तिसरा आणखी सहा, चौथा आणखी सहा. चौथ्यामागे तीन फुटांचा चर तयार. पुढच्याने उपसलेली माती समोर ठेवलेल्या बिनबुडाच्या टोपलीत. टोपली भरली की तीच भिंत, मग पुढची टोपली.

या टोपल्यांनी दसऱ्याची दुपार खाल्ली. केरसुणीचे हीर चार सेंटिमीटरचे तोडून साबणाच्या वडीत गोल खोचले आणि त्यांच्याभोवती काथ्याचा धागा एक आत, एक बाहेर असा विणला. पहिल्या चार टोपल्या वाया. वीण दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीवरच बसायची, गुंफायचीच नाही. आई ओसरीवरून बघत होती. म्हणाली, "हीर किती लावलेत? आठ? एक काढ." सात केले आणि वीण बसली. विषम काड्या असल्या की दुसऱ्या फेरीत धागा आपसूक उलट बाजूने जातो. आईने टोपली कधी विणलेली नाही. बाजारात बसून विणताना पाहिलंय, एवढंच. एकूण अकरा टोपल्या झाल्या. बायकोला नवी केरसुणी आणून द्यायची आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

कोणीच आलं नाही. नरकासुराच्या सांगाड्याला चिवे आणायला सगळे गेले. मीही एकटा काय करणार, टोपल्यांत माती भरली.

वर्तमानपत्र वाचताना मात्र हसू आलं. एकाच पानावर 'पक्षाला खिंडार', 'निवडणुकीसाठी मोर्चेबांधणी' आणि 'बालेकिल्ल्याला सुरुंग'. वेढ्यातली सगळी अवजारं राजकारण्यांनी उचलून नेलीत. मोर्चा हा शब्द फारसीतल्या मोर्चालवरून आला, अर्थ खंदक किंवा मातीचा आडोसा. आज मोर्चा चालत जातो. तेव्हाचा जमिनीत गाडलेला असे.

१२ ऑक्टोबर, रविवार

सुरुंग. फळीच्या कडेला जुन्या शोकेसची काच लावली, म्हणजे जमिनीचा छेद दिसतो. भिंतीमागून खाली उतरून तटाच्या पायाखाली जाणारी दोन बोगदी, आणि एकाला आतून भेटायला येणारं महंमदखानाचं बोगदं. मराठ्यांचे सुरुंग चार होते. दोन काचेला मावले नाहीत.

पोरांचा प्रश्न बरोबर होता: आतल्यांना कळलं कसं, खणतायत कुठे? वेढ्यांतली एक जुनी युक्ती म्हणजे जमिनीवर ढोल ठेवून त्यावर वाटाणे टाकायचे. खाली कुदळ पडली की वाटाणे हलतात. आमच्याकडे ढोल नाही, पण चवथीच्या आरत्यांना वाजवायचं घुमट, मातीच्या मडक्यावर कातडं ताणलेलं वाद्य, आहे. चुंबळीवर उभं ठेवलं, कातड्यावर मोहरी टाकली आणि एकाला अंगणाच्या टोकाला पहार मारायला पाठवलं. काही नाही. पाच पावलं जवळ. काही नाही. आणखी जवळ आला तेव्हा दोन-तीन दाणे थरथरले आणि एक कडेला घरंगळला. सगळी पोरं एकदम ओरडली, त्या आवाजाने उरलेली मोहरी नाचली. पुराव्याचं वाटोळं, पण पटलं.

सुरुंग लावणाऱ्यावरही उलटतो. साताऱ्याला एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने उडवलेल्या सुरुंगाने तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले त्यांचेच सुमारे दोन हजार लोक गाडले गेले. आमच्या पोरांना वाटलं होतं सुरुंग म्हणजे बटण.

शिड्या: महाराजांनी ५०० करवून घेतल्या होत्या, आम्ही हिराच्या २५ केल्या. सोन्याची ५०० कडीही करवली होती, प्रत्येक अर्ध्या शेराचं, शिडीवर जिवावर उदार होऊन चढणाऱ्यांसाठी. थोरलीने जरीचा धागा गुंडाळून पाच मावळ्यांना कडी घातली.

आणि मग भांडण. धाकट्याने महाराजांची मूर्ती आणली आणि सरळ तटावर ठेवली. मी म्हटलं, या वर्षी महाराज बाहेर आहेत. तो म्हणाला, महाराज किल्ल्यावर असतात. मी म्हटलं, किल्ला अजून घ्यायचाय. तो रडायला लागला. सहा वर्षांच्या मुलाशी मी इतिहासावरून वाद घालत होतो आणि एका अर्थी तो बरोबर होता: आजपर्यंत त्याने पाहिलेल्या प्रत्येक दिवाळीच्या किल्ल्यात महाराज आतच होते. मास्तरांनी तोडगा काढला. फळीच्या मागच्या टोकाला मातीची टेकडी, त्यावर डेरा, डेऱ्यापुढे महाराज. "तिथून त्यांना आपली सगळी माणसं दिसतात बघ. तटावरून दिसली असती का?" धाकट्याने टेकडीशी डोळा लावून खात्री केली. मग नाक पुसलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

परतीच्या पावसाने घात केला. दुपारी मी कामावर असताना तासभर कोसळला. ताडपत्री टाकलेली होती, पण वरून. पागोळ्यांचं पाणी अंगणात साचून फळ्यांच्या मागून आत शिरलं. मास्ट्रिख्टचा चर भरला, चार टोपल्या तरंगल्या. फोंड्याची भिंत अर्ध्यावर बसली. तट मात्र जसाच्या तसा. खऱ्या वेढ्यात पावसाळा जवळ आला की बाहेरच्यांची का तंतरत असेल ते कळलं: आतल्यांच्या डोक्यावर कौलं असतात.

रात्री कंदील लावून दुरुस्ती. यावेळी आधी फळ्यांच्या पाठीमागून एक चर काढला, गटाराकडे उतार देऊन, आणि उपसलेल्या मातीचा बांध आतल्या बाजूला. मास्तर छत्री घेऊन उभे होते. म्हणाले, "आता झाला तुमचा वेढा पुरा. आतापर्यंत पाठ उघडी होती."

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ पोरांना सांगायला मग अलेशिया काढावंच लागलं. इ. स. पूर्व ५२. सीझरने डोंगरावरच्या गॉल लोकांना वेढलं आणि आत तोंड करून एक तटबंदी बांधली. मग कळलं की बाहेरून मदतीची फौज येतेय. तर बाहेर तोंड करून दुसरी बांधली, आणि स्वतःचं सैन्य दोघींच्या मध्ये. वेढा घालणाराच वेढ्यात. आतल्या तटबंदीपुढे तीन-तीन फूट खोल खड्डे, तळाशी मांडीएवढा जाड, टोक जाळून कडक केलेला खुंट, जमिनीवर चारच बोटं दिसेल असा, वरून काटक्या. सैनिक त्या खड्ड्यांना लिली म्हणत, फुलासारखा आकार म्हणून. शिपायांचा विनोद सगळीकडे सारखाच कडवट. मदतीची फौज आली, दोन्ही बाजूंनी हल्ला झाला, आणि दोन्ही तटबंद्या टिकल्या.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरकचतुर्दशी

रात्रभर नरकासुर. पहाटे त्याला जाळून पोरं तशीच काळ्या तोंडाने आली, कारीट फोडून, अभ्यंग उरकून, पाच प्रकारचे फोव (पोहे) खाऊन अंगणात झोपाळल्या डोळ्यांनी मार्गदर्शक म्हणून उभी राहिली. लोक बरेच आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "किल्लो खंय?" थोरली न कंटाळता दोरा ताणून दाखवत होती. एका आजोबांनी स्वतः टाचणी धरली आणि मावळ्याला "न्हिद रे, न्हिद" (झोप रे, झोप) म्हणत आडवं केलं.

कोणीतरी पुरंदरबद्दल विचारलं. तिथे १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंहाने बुरुजासमोर लाकडी ओंडक्यांचा दमदमा उभा केला होता, वर तोफा आणि बंदूकवाले चढवून बुरुजाच्या उंचीला भिडायला. पोरांनी लगेच ठरवलं की पुढच्या वर्षी दमदमा. नरकासुराचा उरलेला सांगाडा त्याला चालेल म्हणे.

पोर्तुगीजांचाही विषय निघाला. १६७५ च्या वेढ्यात त्यांनी आतल्यांना होड्यांतून गुपचूप धान्य आणि माणसं पाठवली, ती मराठ्यांनी पकडली. व्हाइसरॉयने कानावर हात ठेवले.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

आज फळी फिरवली. पोरांना कालच सांगितलं होतं: हाच कोट, आठ वर्षांनी. नोव्हेंबर १६८३. आता मावळे आत, येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी आत, आणि बाहेर व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर. पोर्तुगीज सैन्य होड्यांनी जवळच्या दुर्भाट बंदराला उतरून फोंड्यावर आलं, तोफा डागल्या, तटाला खिंडार पाडलं. फिरंगी मावळे नव्हते, म्हणून बुद्धिबळातली पांढरी प्यादी वापरली. थर्माकोलच्या तटाला खिंडार पाडण्याचं काम धाकट्याकडे दिलं, ते त्याने गरजेपेक्षा मन लावून केलं.

मग मी महाराजांच्या टेकडीवर संभाजी महाराज म्हणून घोडेस्वार ठेवले आणि विचारलं, आता प्याद्यांची पाठ कुठे आहे? पोरांनी बघितलं. सगळी प्यादी तटाकडे तोंड करून. मागे काहीच नाही. आम्ही १६ तारखेचा बांध मुद्दाम काढून ठेवला होता.

संभाजी महाराज स्वतः आले, पोर्तुगीजांच्या डोळ्यांदेखत कोटात कुमक पोचवली, आणि व्हाइसरॉयला समोरच्या खिंडारापेक्षा दुर्भाटच्या परतीच्या वाटेची काळजी लागली. वेढा उठला. कृष्णाजी या लढाईत जखमी होऊन गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस मराठे जुवे बेटावर उतरले आणि गोवा शहराचीच, म्हणजे पोर्तुगीजांच्या राजधानीची, पाचावर धारण बसली. फुटलेला फोंड्याचा कोट संभाजी महाराजांनी पाडला आणि मर्दनगड उभा केला.

धाकट्याने विचारलं, "आता महाराजांना किल्ल्यावर ठेवू?" ठेवले. तटाला भगदाड असल्यामुळे ते थोडे कलले.

२ नोव्हेंबर, रविवार

आज तुळशीचं लग्न. वृंदावनाला माती कमी पडत होती, म्हणून आईने सरळ फोंड्याचा धुळकोट उचलला. फळ्या धुऊन माळ्यावर. टोपल्या, शिड्या, घोडेस्वार बिस्किटाच्या डब्यात. शिड्या मोजल्या, २३ भरल्या. कडीवाल्या पाच मावळ्यांपैकी चार सापडले. पाचवा बहुधा वृंदावनात गेला.